लायसन्स गेले तर? वैमानिकाच्या विम्याविषयी

गेल्या वर्षी स्थापना दिनाला शाळेत आलो होतो. परेड झाली, चहा झाला आणि मेसच्या पायऱ्यांवर एका पालकांनी मला गाठले. सातारा जिल्ह्यातून दोन दिवसांचा प्रवास करून आले होते. मुलगा बारावीला. एनडीए झाले तर उत्तम, नाहीतर कमर्शियल पायलट करायचे, असा घरचा बेत. ते म्हणाले, "सर, कर्ज काढू. घर तारण ठेवू. त्याची तयारी आहे आमची. पण शिकून झाल्यावर पोराला काही झाले आणि डॉक्टरांनी उडायला मनाई केली, तर ते कर्ज फेडायचे कुणी?"

मी म्हणालो, "त्याचा विमा असतो."

"पण तो घेण्यासारखा असतो का?"

तेवढ्यात बँड सुरू झाला आणि मी सुटलो. उत्तर मात्र राहून गेले. मराठी पानाचे काम पाहणाऱ्या सरांनी लेख मागितला तेव्हा वाटले, त्या प्रश्नाचे उत्तरच लिहावे. वर्गातल्या मुलांना विमा हा विषय कंटाळवाणा वाटेल, हे मी जाणून आहे. त्यांच्या वयात मलाही वाटला असता. पण यातला निम्मा लेख विम्याचा नाही, मेडिकलचा आहे, आणि मेडिकल हा शब्द ऐकला की या शाळेतले कोणीही पोर कान टवकारते.

आधी माझ्याविषयी दोन ओळी, कारण हिशेबात त्या लागतील. मी हवाई दलात बावीस वर्षे वाहतूक विमाने उडवली, पेन्शन घेऊन बाहेर पडलो आणि आता नऊ वर्षे एका खासगी विमान कंपनीत एअरबस ए-३२० चा कॅप्टन आहे. वय ५२.

वैमानिकाच्या खिशात दोन कागद असतात. एक लायसन्स, दुसरा मेडिकलचा. लायसन्स एकदा कमावले की ते आपले. मेडिकल मात्र भाड्याच्या घरासारखे असते, दर वर्षी करार नव्याने. प्रवासी विमान उडवणाऱ्याला डीजीसीएचे 'क्लास वन' वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते साधारण बारा महिने चालते, साठीनंतर सहाच महिने. दुसरा कागद नसेल तर पहिल्याला किंमत नाही. दहा हजार तास उडालेला कॅप्टन आणि विमानाचे चित्र काढणारा पाचवीतला मुलगा, दोघेही त्या दिवशी कॉकपिटच्या बाबतीत सारखेच.

आणि हे प्रमाणपत्र जाण्यासाठी माणूस अंथरुणाला खिळावा लागत नाही. सगळ्या गोष्टीचे मर्म इथे आहे. हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता आली, एकदा कारण न सापडणारी फीट आली, कानाचा तोल बिघडला, मधुमेहासाठी इन्सुलिन सुरू करावे लागले, तर तोच माणूस बाजारात जातो, गाडी चालवतो, बँकेत नोकरी करू शकतो. फक्त दीडशे-दोनशे लोकांना घेऊन उडू शकत नाही. इन्सुलिनचेच पाहा. आंतरराष्ट्रीय मानक असा माणूस अपात्र धरा असे सांगते. ब्रिटनने २०१२ पासून आणि अमेरिकेने २०१९ च्या अखेरीस कडक देखरेखीखाली त्यातून वाट काढली. म्हणजे तोच आजार एका देशात नोकरी घेतो आणि दुसऱ्या देशात ठेवतो. विमा विकत घेताना आपण ज्या देशाचे लायसन्स वापरतो तिथल्या नियमांचा विचार करायचा तो यासाठी.

या कडकपणामागे एक गणित आहे. दोन वैमानिक असलेल्या विमानात एखाद्या वैमानिकाला वर्षभरात अचानक निकामी करणारा झटका येण्याची शक्यता शेकडा एकच्या आत असेल तरच त्याला उडू द्यावे, असा एक टक्क्याचा नियम विमानवैद्यकात बराच काळ वापरला जातो. डॉक्टर आपल्याला 'तुम्ही बरे आहात का' असे विचारत नसतात. 'तुमची शक्यता किती' असे विचारत असतात. बरे वाटणे आणि पात्र असणे यांतला हा फरक पहिल्यांदा कळतो तेव्हा फार झोंबतो.

हवाई दलात असताना मला तो झोंबला नव्हता, कारण तिथली व्यवस्था वेगळी. तिथे कॅटेगरी असते. 'ए' हवेतली, 'जी' जमिनीवरची. ए-वन जी-वन म्हणजे पूर्ण ठीक. माझ्या बॅचमधल्या एकाची पाठ गेली आणि त्याची 'ए' कॅटेगरी खाली आली. तो उडणे सोडून जमिनीवरच्या कामाला लागला. दुःख झाले, पण गणवेश अंगावर राहिला, पगार चालू राहिला, मुले त्याच शाळेत राहिली. सेवेमुळे अपंगत्व आले असे ठरले तर पेन्शनमध्ये त्याचा वेगळा भाग मिळतो, शिवाय हवाई दलाची स्वतःची सामूहिक विमा सोसायटी आहे. या सगळ्यामुळे आम्हाला विम्याची पॉलिसी वाचण्याची सवयच लागली नाही. बाहेर पडणाऱ्या फौजी वैमानिकाची ही मोठी उणीव आहे. छत्री कुणी तरी धरलेली होती, हे पाऊस लागल्यावर कळते.

विमान कंपनीत पगाराचा मोठा भाग उडालेल्या तासांशी बांधलेला असतो. मेडिकल गेले की आधी तासांचे भत्ते थांबतात, मग आजारपणाची रजा संपते, मग उरतो तो मूळ पगार किंवा तोही नाही. किती महिने काय मिळेल हे नेमणूकपत्रात लिहिलेले असते. कॅप्टन लोक विमानाचे हजार पानांचे मॅन्युअल पाठ म्हणतात आणि नेमणूकपत्राचे चौथे पान कधी उलटत नाहीत. मीही उलटले नव्हते.

४६ व्या वर्षी नेहमीच्या तपासणीत सोनोग्राफी झाली आणि डाव्या मूत्रपिंडात खडा दिसला. सहा मिलिमीटरचा. दुखत नव्हते, त्रास काही नव्हता, आदल्याच रात्री मी गुवाहाटीहून उडून आलो होतो. पण उड्डाणात खडा सरकला तर माणूस वेदनेने वाकडा होतो, म्हणून खडा जाईपर्यंत तात्पुरते अपात्र. खडा काढला, पुन्हा तपासण्या, मग विशेष तपासणीची तारीख, मग कागद पुढे सरकण्याची वाट. एवढ्याशा खड्याने पाच महिने गेले.

कंपनीने सगळ्या वैमानिकांसाठी सामूहिक विमा घेतला होता. त्याला आमच्या भाषेत 'लॉस ऑफ लायसन्स' म्हणतात. त्यात पहिले ९० दिवस काही मिळत नाही आणि त्यानंतर ठरावीक मासिक रक्कम सुरू होते. मी दिवस मोजून दावा टाकला. विमा कंपनीने एकोणीस दिवस कापले. माझे म्हणणे, ज्या दिवशी डॉक्टरांनी मला थांबवले त्या दिवसापासून मोजा. त्यांचे म्हणणे, डीजीसीएच्या पत्रावर जी तारीख आहे तिच्यापासून. मी तावातावाने चार मेल लिहिले. मग एका सहकाऱ्याने पॉलिसीची प्रत पुढे ठेवली. त्यात त्यांचेच बरोबर होते. ते वाक्य साध्या भाषेत, ठळक नसले तरी स्पष्ट छापलेले होते. त्या दिवशी मी ती पॉलिसी पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत वाचली, आणि हा लेख लिहिण्याइतके जे काही मला कळते ते तिथून सुरू झाले.

आता मूळ प्रश्न. घेण्यासारखा असतो का?

बरेच जण हा प्रश्न असा सोडवतात: वीस वर्षे हप्ता भरला, काही झाले नाही, म्हणजे पैसे बुडाले. हे चूक आहे. विमा कंपनी कचेरी चालवते, एजंटला देते, नफा कमावते. म्हणजे सगळ्या वैमानिकांनी मिळून भरलेले पैसे त्यांना मिळून परत येणाऱ्या पैशांपेक्षा नेहमी जास्तच असणार. फायदा व्हावा म्हणून विमा घेणारा पहिल्या दिवसापासून तोट्यात आहे. खरा प्रश्न एवढाच की, ते नुकसान झाले तर माझे घर ते सोसू शकेल का? सोसू शकत असेल तर विमा नको. सोसू शकत नसेल तर महाग असला तरी हवा.

शक्यतेचा अंदाज मात्र असावा. ब्रिटनमध्ये २००४ सालच्या १६,१४५ व्यावसायिक वैमानिकांची नोंद तपासून एक अभ्यास झाला. अचानक निकामी होण्याचे प्रमाण वर्षाला ०.२५ टक्के निघाले, म्हणजे चारशेत एक. निम्म्याच्या आसपास घटना हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या होत्या. आणि साठीतल्या पुरुष वैमानिकाचा धोका चाळिशीतल्याच्या पाचपट. हे आकडे अचानक झटक्याचे आहेत. माझ्या खड्यासारख्या, तपासणीत सापडणाऱ्या गोष्टींनी थांबलेले वैमानिक यात नाहीत. म्हणून मेडिकल जाण्याची शक्यता याहून जास्त समजावी. वयाबरोबर ती चढते, म्हणून हप्ताही चढतो, आणि बहुतेक पॉलिसींत पन्नाशीनंतर विम्याची रक्कम उलट उतरत जाते. शक्यता वाढली की छत्री लहान, असा हा व्यवहार.

पॉलिसी हातात आली की चार गोष्टी शोधा. त्यातली पहिली सर्वांत महत्त्वाची, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

'अपंगत्व' या शब्दाची व्याख्या काय लिहिली आहे? आयुर्विम्याच्या पॉलिसीला अपंगत्वाचा रायडर जोडलेला असतो आणि वैमानिक निर्धास्त होतो. तो रायडर उघडून पाहा. बहुतेक वेळा तो अपघातापुरता असतो, आणि अपंगत्व म्हणजे दोन्ही डोळे, दोन्ही हात, एक हात एक पाय, अशी यादी असते. किंवा 'कोणतेही काम करून उपजीविका करता येणार नाही अशी अवस्था' असे लिहिलेले असते. हृदयाचा ठोका चुकणारा कॅप्टन यांपैकी कशातच बसत नाही. तो दुकान चालवू शकतो ना, मग तो अपंग नाही. गंभीर आजारांची पॉलिसी निराळी. तिच्यात आजारांची यादी असते, यादीत नाव असेल तर पैसे, मग लायसन्स राहो वा जावो. माझा खडा त्या यादीत नव्हता, फीट येणेही सहसा नसते. वैमानिकाला हवी ती व्याख्या एकच: डीजीसीएने क्लास वनसाठी अपात्र ठरवले, म्हणजे दावा लागू. 'स्वतःचा व्यवसाय' करता न येणे, असे शब्द पाहिजेत. 'कोणताही व्यवसाय' असे शब्द असतील तर ती पॉलिसी चांगली असेल, पण ती आपल्यासाठी नाही.

दुसरी गोष्ट, तात्पुरते आणि कायमचे यांचे दोन वेगळे हिशेब. तात्पुरत्याला मासिक रक्कम, तीही प्रतीक्षेनंतर आणि ठरावीक महिन्यांपुरती. कायमच्याला एकरकमी. मधली खाई इथे असते: डीजीसीए तुम्हाला दीर्घकाळ 'तात्पुरते अपात्र'च ठेवते, मासिक रक्कम संपून जाते आणि 'कायमचे अपात्र' असा शिक्का येत नाही. शिक्का आल्यावर अपील करता येते, आणि काही पॉलिसी म्हणतात, आधी अपील करा, हरा, मग या. त्या काळात घर कशावर चालणार हे आधी ठरवलेले बरे.

तिसरी गोष्ट वगळलेल्या कारणांची यादी. दारू आणि अमली पदार्थ असतातच, ते योग्यच आहे. पण मानसिक आजार वगळलेले असतात का ते पाहा. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेले आजार कसे धरले आहेत ते पाहा. आता आपल्या शाळांत मुलीही आहेत आणि भारतातल्या वैमानिकांत सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत, जगात हे प्रमाण फार थोड्या ठिकाणी दिसते. त्यांच्यासाठी सांगतो, गरोदरपणातली अपात्रता या विम्यात सहसा धरत नाहीत. तिची सोय नोकरीच्या नियमांत शोधायची.

चौथी गोष्ट, पॉलिसी कोणाच्या नावावर? सामूहिक विमा स्वस्त असतो, तपासणीची कटकट नसते, म्हणून तो असेल तर आनंदाने घ्यावा. पण तो नोकरीबरोबर येतो आणि नोकरीबरोबर जातो. आपल्याकडे २०१२ मध्ये किंगफिशर, २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडलेली सर्वांनी पाहिली. कंपनी जमिनीवर आली की तिने काढलेले सामूहिक विमे कुठले टिकायला! आणि त्या वेळी वैमानिक पंचेचाळिशीचा असेल, रक्तदाबाची गोळी सुरू झाली असेल, तर स्वतःची नवी पॉलिसी मिळताना रक्तदाब वगळून मिळते. म्हणून ज्याला विमा लागणारच आहे, त्याने थोडा तरी भाग तरुणपणी, तब्येत धडधाकट असताना स्वतःच्या नावावर घ्यावा.

रकमेविषयी एक सांगायचे राहिले. एक कोटी म्हटले की पालकांचे डोळे मोठे होतात. एक कोटी रुपये साडेसहा टक्क्यांनी बँकेत ठेवले तर महिन्याला ५४ हजारांच्या आसपास व्याज येते, तेही कर भरण्याआधी. महिन्याला पाचसहा लाख मिळवणाऱ्या आणि तशी राहणी झालेल्या कॅप्टनला ते किती पुरणार? म्हणून एकरकमी आकड्याकडे पाहताना मनात नेहमी त्याचा महिना करून पाहावा.

आता हिशेब. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत.

साताऱ्याच्या त्या पालकांचा मुलगा समजा २७ वर्षांचा को-पायलट झाला. प्रशिक्षण आणि टाइप रेटिंग मिळून कर्ज ७० लाख शिल्लक आहे, दहा टक्के व्याज, दहा वर्षे मुदत. महिन्याचा हप्ता साधारण ९२ हजार ५०० रुपये. घर तारण. दुसरी पदवी नाही, कारण बारावीनंतर सरळ फ्लाइंग स्कूल. याचे मेडिकल कायमचे गेले तर कर्ज उभे, घर धोक्यात, आणि हातात दुसरे कसब नाही. त्याला कर्जाचे ७० लाख अधिक नवे काही शिकेपर्यंत दोन वर्षांचा खर्च, मिळून ८० लाखांचे संरक्षण पाहिजे. हप्ता शेकडा एक धरू, म्हणजे वर्षाला ८० हजार. कर्जाच्या एका महिन्याच्या हप्त्यापेक्षा कमी. शेकडा एक हप्ता म्हणजे विमा कंपनी शंभरात एक शक्यता धरून पैसे घेते, आणि २७ व्या वर्षी त्याची खरी शक्यता याहून बरीच कमी असणार. म्हणजे सौदा महाग आहे. तरीही घ्यावा. डोळे मिटून घ्यावा, असे म्हणणार होतो, पण डोळे उघडून, व्याख्या वाचून घ्यावा. कर्ज जसे उतरेल तशी रक्कम उतरवत न्यावी.

शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर दहा-चौदा वर्षे करून विमान कंपनीत आलेला वैमानिक मला याच गटातला वाटतो. त्याला नेहमीची पेन्शन नसते. ग्रॅच्युइटीचे पैसे घराच्या पहिल्या हप्त्यात जातात. फौजी म्हणून तो स्वतःला सुरक्षित समजतो आणि म्हणूनच जास्त उघडा असतो.

माझे गणित याच्या उलट. ४६ व्या वर्षी खडा सापडला तेव्हा माझी पेन्शन आणि पत्नीचा शिक्षिकेचा पगार मिळून घरखर्च भागत होता. फक्त फ्लॅटचे कर्ज आणि मुलीचे शिक्षण उघडे होते. तेवढ्यापुरता मी कंपनीच्या विम्यावर थोडा स्वतःचा जोडला. गेल्या वर्षी फ्लॅटचे कर्ज फिटले आणि माझी स्वतःची पॉलिसी मी नव्याने केली नाही. त्याऐवजी वर्षभराचा खर्च वेगळा ठेवला आहे, तो तात्पुरत्या अपात्रतेसाठी माझा मीच काढलेला विमा समजतो. आणि ज्यांनी ५८ गाठली आहे, कर्ज नाही, मुले मार्गी लागली आहेत, त्यांनी चढता हप्ता आणि उतरती रक्कम पाहून हात जोडावेत, असे माझे मत आहे. उरलेली सात वर्षे तशी फार नाहीत. मेडिकल गेले तरी सिम्युलेटरवर शिकवण्याचे काम अनुभवी माणसाला मिळू शकते. पगार कमी, पण अनुभव वाया जात नाही.

एक सावधगिरी, आणि ती इथल्या मुलांनी विशेष ऐकावी. विम्याच्या अर्जात तब्येतीचे प्रश्न असतात. तिथे लपवू नये. आयुर्विम्यात १९३८ च्या विमा कायद्याचे कलम ४५ आहे, त्यामुळे तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही. ते कलम आयुर्विम्यापुरते आहे. लायसन्सचा विमा हा सर्वसाधारण विमा, त्याला ते संरक्षण नाही. दहाव्या वर्षीही 'तुम्ही गोळी घेत होता हे सांगितले नव्हते' असे म्हणून दावा फेटाळता येतो. आणि डीजीसीएपासून लपवणे हा तर त्याहून पुढचा प्रकार.

लपवण्याची सवय कुठून लागते ते मला ठाऊक आहे. इथूनच. क्रॉस कंट्रीच्या आठवडाभर आधी घोटा मुरगळला आणि मी एमआय रूममध्ये गेलो नाही, कारण नाव कापले जाईल. सगळेच असे करायचे, आजही करत असतील. ती सवय पुढे कॉकपिटपर्यंत येते.

ती किती लांबवर जाऊ शकते याचे उदाहरण मन घट्ट करून वाचावे लागते. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जचे विमान फ्रान्समधल्या आल्प्स पर्वतात को-पायलटने जाणूनबुजून पाडले. १५० माणसे गेली. फ्रेंच तपास संस्थेच्या अहवालात त्याच्या मानसिक आजाराबरोबर त्याच्या पैशांचाही तपशील आहे. प्रशिक्षणासाठी त्याने सुमारे ४१ हजार युरो कर्ज काढले होते. कंपनीच्या विम्यातून, नोकरीच्या पहिल्या वर्षांत कायमचा अपात्र ठरला असता तर, सुमारे ५८ हजार ८०० युरो एकदाच मिळाले असते. आयुष्यभराच्या उत्पन्नाची भरपाई त्यात नव्हती. स्वतःचा वेगळा विमा काढायचा तर त्याच्या मेडिकलवर जुन्या नैराश्याची नोंद होती, आणि त्या नोंदीमुळे विमा मिळायला अडचण येते असे त्याने एका मेलमध्ये लिहिले होते. त्याने जे केले त्याला विम्याचा अभाव हे कारण देता येणार नाही, आणि मी ते देत नाही. पण तपास करणाऱ्यांनी शिफारस केली ती मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे: मेडिकल गेल्याने वैमानिकावर जे आर्थिक संकट येते ते हलके करण्याचे मार्ग विमान कंपन्यांनी शोधावेत. आजार सांगितला तर घर बुडेल अशी भीती असलेला माणूस आजार सांगत नाही. त्याच्या मागे दीडशे माणसे बसलेली असतात.

म्हणून विम्याचा हा विषय मी केवळ घरगुती हिशेबाचा मानत नाही. माझ्या खड्याच्या वेळी मी डॉक्टरांना मोकळेपणे सगळे सांगितले, तो काही माझा मोठेपणा नव्हता. पेन्शन पाठीशी होती. ती नसती आणि डोक्यावर ७० लाख असते तर, कधीमधी कमरेत दुखते हे मी त्यांना सांगितले असते का? प्रामाणिकपणे सांगतो, मला खात्री नाही.

पालकांसाठी आणखी एक गोष्ट, जी विमान कंपनीच्याही आधी येते. एनडीए किंवा इतर अकादमीत प्रशिक्षण चालू असताना कॅडेट जायबंदी झाला आणि वैद्यकीय कारणाने त्याला घरी पाठवले, तर तो माजी सैनिक गणला जात नाही, कारण कमिशन झालेले नसते. त्याला पेन्शनऐवजी सानुग्रह रक्कम मिळते. वर्षानुवर्षे अशी मुले आईवडिलांच्या आधारावर राहिली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, त्यांना विम्याचे संरक्षण देता येईल का असे सरकारला विचारले, आणि त्याच सुमारास माजी सैनिकांची वैद्यकीय योजना या मुलांना खुली झाली. पुढे काय ठरते ते पालकांनी लक्ष ठेवून पाहावे. मुलगा वा मुलगी अकादमीत रुजू होईल त्या दिवशी तिथे कोणता सामूहिक विमा आहे, अपंगत्वाला त्यात किती आहे, हे विचारायला संकोच करू नये. भरतीच्या कागदांवर सह्या करताना आपण फार भारावलेले असतो, हे मला माझ्या वडिलांच्या चेहऱ्यावरून आठवते.

साताऱ्याच्या त्या पालकांचा नंबर मी कार्यालयातून मिळवला आणि गेल्या महिन्यात फोन केला. मुलाची एनडीएची लेखी परीक्षा झाली आहे, निकालाची वाट आहे. मी त्यांना म्हटले, "फ्लाइंग स्कूलकडे जायची वेळ आलीच, तर तीन गोष्टी करा. पैसे भरण्याआधी मुलाची क्लास वन मेडिकल करून घ्या, मग कर्ज. कारण कर्ज आधी आणि मेडिकल नंतर असे करणारे लोक मी पाहिले आहेत. दुसरे, उडण्याबरोबर बाहेरून का होईना, एक पदवी त्याला करू द्या. आणि नोकरी लागली की पहिल्या पगारातून विमा."

ते म्हणाले, "आणि तो फॉर्म कोण वाचणार, सर? आमच्या घरात इंग्रजीची बोंब आहे."

मी म्हटले, पाठवा माझ्याकडे.